'गोड' या शब्दातला ड : क्लिंगॉनची वर्णमाला ऐकताना

मागच्या व्याख्यानात आपण प्लेटोचा 'क्रॅटिलस' हा संवाद पाहिला. शेवटी एका श्रोत्याने एक प्रश्न विचारला आणि वेळ संपल्यामुळे तो तसाच राहिला. ध्वनीला स्वतःचा स्वभाव असतो का? 'ल' मऊ, 'ड' कठोर, हे कानाला खरोखर ऐकू येतं, की आपल्याला तसं ऐकायला शिकवलेलं असतं? आम्ही तेव्हा "पुढच्या खेपेला" म्हणून सुटका करून घेतली होती. आज ती उधारी फेडायची आहे.

या प्रश्नासाठी नैसर्गिक भाषा फारशा उपयोगाच्या नाहीत. मराठीत ड का आहे, याचं उत्तर "आहे म्हणून आहे" एवढंच देता येतं. कुणी बसून तो निवडलेला नाही. पण जिथे एका माणसाने टेबलाशी बसून प्रत्येक ध्वनी मुद्दाम निवडला, अमुक लोक अमुक स्वभावाचे वाटावेत म्हणून निवडला, अशी भाषा घेतली तर निवडणाऱ्याच्या मनातले ग्रह उघडे पडतात. म्हणून आज क्लिंगॉन. काही मंडळी हसताहेत, ते दिसतंय. हसा. तत्त्वज्ञानाच्या माणसाने 'स्टार ट्रेक'वर बोलावं यात हसण्यासारखं आहेच.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. क्लिंगॉन हे 'स्टार ट्रेक'मधले परग्रहवासी. मालिकेत ते 1967 साली आले. लढवय्ये, रागीट, मानापमानाला जपणारे. 1979 च्या चित्रपटात त्यांच्या तोंडी पहिल्यांदा त्यांची म्हणून काही वाक्यं आली, ती जेम्स डूहान या नटाने रचलेली होती. भाषा म्हणावी असं काही तेव्हा नव्हतं. 1984 च्या चित्रपटासाठी मार्क ओक्रँड या भाषावैज्ञानिकाला ते काम दिलं गेलं, आणि 1985 मध्ये त्यांचा क्लिंगॉन शब्दकोश व्याकरणासह छापून आला. हे ओक्रँड कोण? बर्कलीला त्यांनी 1977 साली डॉक्टरेट केली, विषय होता कॅलिफोर्नियातल्या मुत्सुन या मूलनिवासी भाषेचं व्याकरण. ती भाषा अस्खलित बोलणारी शेवटची बाई 1930 साली गेली होती. जे. पी. हॅरिंग्टन नावाच्या संशोधकाने शेवटच्या दिवसांत तिच्याजवळ बसून कागदच्या कागद भरले होते, त्या कागदांवरून ओक्रँड यांनी काम केलं. ज्या भाषेला बोलणारं कुणी उरलं नाही तिचं व्याकरण आधी लिहिलं, आणि जिला बोलणारं कुणी जन्मलंच नव्हतं तिचं नंतर. असो, यावर वेगळं व्याख्यान होईल.

आता मुद्द्याकडे. क्लिंगॉनमध्ये 21 व्यंजनं आणि पाच स्वर आहेत. संख्येत काही विशेष नाही. विशेष आहे ते रचनेत, आणि ते कळायला आपण मराठी माणसं फार सोयीच्या जागी बसलेलो आहोत, कारण आपली वर्णमाला हीच मुळात उच्चारस्थानांचा नकाशा आहे. क-वर्ग कंठाशी, च-वर्ग टाळूशी, ट-वर्ग मूर्धेशी, त-वर्ग दातांशी, प-वर्ग ओठांशी. आणि प्रत्येक वर्गात अघोषाला घोष जोडीदार. पाच गुणिले पाच. लहानपणी पाटीवर गिरवलेला तो चौकोन डोळ्यांसमोर आणा.

ओक्रँड यांनी हा चौकोन ठरवून मोडला. प आणि ब यांची जोडी त्यांनी ठेवली, ती ठीक. पुढे पाहा. इंग्रजी 'टेबल'मध्ये असतो तसा, जीभ हिरडीला लावून म्हणायचा ट आहे. त्याचा घोष जोडीदार त्याच जागेवर हवा ना? तो तिथे नाही. तो आहे मूर्धेवर, जीभ मागे वळवून म्हणायचा ड. म्हणजे नवरा एका गावी आणि बायको दुसऱ्या गावी. स नाही; त्याच्या जागी मूर्धेवरचा ष आहे. क नाही, ग नाही. पण पडजिभेपाशी म्हणायचा क़ आहे, आणि त्याच जागी खरवडून म्हणायचा आणखी एक आहे. व आहे तर फ नाही. जीभ वर लावून दोन्ही बाजूंनी हवा सोडायचा 'त्ल्ह' असा एक ध्वनी आहे; मेक्सिकोच्या नाहुआत्ल भाषेत आणि अमेरिकेतल्या नावाहो भाषेत त्याची भावंडं सापडतात. गंमत अशी, की 'क्लिंगॉन' हा शब्दच अस्सल क्लिंगॉनला म्हणता यायचा नाही. त्यात क आहे आणि ग आहे! ते स्वतःला 'त्लिंगन' म्हणतात, आणि त्यातला 'ंग' म्हणजे नुसता ङ.

यातली कारागिरी आम्हाला मनापासून आवडते, हे आधी सांगून टाकतो. एकही ध्वनी असा नाही की जो माणसाच्या तोंडातून निघत नाही. नटांनाच तो म्हणायचा होता, तेव्हा दुसरा मार्गही नव्हता. परकेपणा सुट्या ध्वनींत ठेवलेला नाही, त्यांच्या विसंगत मेळात ठेवलेला आहे. हे भाषावैज्ञानिकालाच सुचावं. शिवाय चित्रीकरणात नट चुकले तर पुष्कळदा ती चूकच भाषेत घेतली गेली, हा मोकळेपणाही पाणिनीपेक्षा वेगळ्या जातीचा आहे. त्याआधी 1982 च्या चित्रपटात तर त्यांनी उलटा उद्योग केला होता. प्रसंग इंग्रजीत चित्रित झालेला, नटांचे ओठ हलून गेलेले, आणि त्या ओठांना बसतील असे परग्रहावरचे शब्द मागाहून शोधायचे. आमच्याकडे डबिंग करणाऱ्यांना ही कसरत माहीत असेल.

मात्र एक शंका इथेच काढून ठेवू. अपुरा चौकोन हा परग्रहाचा पुरावा नव्हे. अरबीत ब आहे, प नाही, आणि अरबी बोलणारे याच पृथ्वीवर राहतात. तमिळ लिपीत ख, घ, छ, झ यांना स्वतंत्र अक्षरं नाहीत, तरी तमिळचं दोन हजार वर्षांत काही अडलं नाही. तेव्हा 'विसंगत' म्हणजे कुणाच्या अपेक्षेशी विसंगत, हे विचारलं पाहिजे.

आणि तोच प्रश्न आता आम्हाला कठोरपणाबद्दल विचारायचा आहे. क्लिंगॉन ऐकून प्रेक्षकाला वाटावं, की हे लोक उग्र आहेत, लढणारे आहेत. ते वाटावं म्हणून काय निवडलं? मूर्धेवरचा ड. घशातला ख़. घशातलाच घोष ग़. पडजिभेचा क़. ओक्रँड यांच्या रोमन लिपीतल्या लेखनात ड, ष, ख़ यांसाठी मोठी अक्षरं वापरली आहेत; नटाने बघताक्षणी सावध व्हावं, हे आपलं नेहमीचं अक्षर नव्हे, म्हणून. अमेरिकन नटासाठी ते योग्यच. पण मंडळी, ही यादी परत एकदा ऐका. ख़, ग़, क़. हे कुठे ऐकलंत तुम्ही?

मुशायऱ्यात ऐकलंत. 'ग़ज़ल' या शब्दाचा पहिलाच ध्वनी क्लिंगॉनमध्ये जसाच्या तसा आहे. आपल्याकडे मराठवाड्यात, दख्खनी आणि उर्दू कानावर पडत मोठ्या झालेल्या माणसाला विचारा. तो सांगेल, की ज्याला ख़ आणि ख यातला फरक जिभेवर ठेवता येतो तो शिकलेला, खानदानी, अदब असलेला. 'ख़याल'चा ख़ साधा ख केला की मैफिलीत भुवया वर जातात. म्हणजे घशातला जो ध्वनी लॉस एंजेलिसमध्ये रानटीपणाची खूण ठरला, तोच हैदराबादेत आणि लखनौत तहज़ीबची खूण आहे. ध्वनी तोच, घसाही तसाच.

आता ड. हा तर आपला घरचा. 'कडकडाट', 'गडगडाट', 'धडाड', 'दडपणे'; हे शब्द आठवले की वाटतं, ओक्रँड यांचं बरोबरच आहे, ड रांगडा आहेच. पण मग 'गोड' या शब्दाचं काय करायचं? गोडपणा सांगणाऱ्या शब्दाच्या शेवटी ड येऊन बसलाय. 'लाड' घ्या, 'आवड' घ्या, 'लाडकी' घ्या. आई बाळाला 'छकुडी' म्हणते तेव्हा मायेचा सगळा भार त्या 'डी'वरच असतो.

प्लेटोच्या संवादात नेमकी हीच अडचण येते, मागच्या वेळी आपण तिच्यावरून जरा घाईने गेलो. सॉक्रेटिस आधी सांगतो, की र गतीचा, ल गुळगुळीतपणाचा. आणि मग तोच दाखवतो, की ग्रीकमध्ये 'कठीणपणा' या अर्थाचा जो शब्द आहे, 'स्क्लेरोटेस', त्याच्या पोटातच ल आहे. तरी आपल्याला त्याचा अर्थ कळतो. कसा कळतो? सवयीने. ग्रीकांच्या कठीणपणात मऊ ल आणि आमच्या गोडपणात कठीण ड!

आपल्या परंपरेत या विषयावर सर्वांत शहाणा माणूस आम्हाला मम्मट वाटतो. अकराव्या शतकातला काश्मिरी. 'काव्यप्रकाशा'च्या आठव्या उल्लासात गुणांची चर्चा आहे. वरवर पाहिलं तर मम्मट आणि ओक्रँड यांचं एकमत दिसतं. माधुर्यासाठी मम्मट स्पर्शव्यंजनं त्यांच्या अनुनासिकांसह घेतो आणि ट-वर्ग वगळतो. ओज पाहिजे असेल, म्हणजे वीर, बीभत्स, रौद्र, तर ट-ठ-ड-ढ घ्या, श-ष घ्या, जोडाक्षरं घ्या, लांब समास घ्या. मूर्धेवरचा ड आणि मूर्धेवरचा ष! जणू क्लिंगॉनची शिफारसच नऊशे वर्षं आधी करून ठेवली. आमच्या एका विद्यार्थ्याने हे दाखवलं तेव्हा आम्हीही क्षणभर चकित झालो होतो. त्याला वाटलं, ध्वनीचा निसर्गसिद्ध स्वभाव सिद्ध झाला.

पण मम्मट पुरा वाचावा लागतो. पहिली गोष्ट, माधुर्यातून ट-वर्ग काढताना तो ण बाहेर ठेवत नाही. र आणि ण, ऱ्हस्व स्वरासह, माधुर्याला चालतात असं तो म्हणतो. म्हणजे 'जीभ वळली की कठोर' असा सरसकट नियम त्याचाही नाही. हा ण लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचंय. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. गुण हे वर्णांचे नाहीतच, ते रसाचे आहेत, असं त्याने आरंभालाच बजावलंय. शौर्य जसं आत्म्याचं, शरीराचं नव्हे, तसं. धिप्पाड देह पाहून लोक म्हणतात, हा शूर असणार. आणि खरा शूर अंगाने किडकिडीत असला तर त्याला मोजत नाहीत. वर्णांना मधुर किंवा ओजस्वी म्हणणं हे असं देह पाहून बोलणं आहे. वर्ण फक्त सुचवतात. आणि कोण बोलतंय, कशाबद्दल, कुठल्या प्रकारच्या रचनेत, यावर तेही बदलतं.

हा दृष्टांत क्लिंगॉनवर ठेवून पाहा. चित्रपटाने नेमकं काय केलं? धिप्पाड देह, कपाळावर हाडांच्या वळ्या, आणि त्या देहाला शोभेल असा आवाज. आम्हाला ध्वनी कठोर वाटतो त्याआधी चेहरा दिसलेला असतो. डोळे मिटून, कुणी सांगितलेलं नसताना, शांत आवाजात ती भाषा ऐकवली तर किती जण तिला लढवय्यांची म्हणतील, याबद्दल आम्हाला दाट शंका आहे.

टोल्किन यांच्याबद्दल दोन वाक्यं, कारण त्यांचं नाव घेतलं नाही तर पत्रं येतील. त्यांनी क्वेन्या ही एल्फांची भाषा फिनिशच्या नादावर रचली, सिंदारिन वेल्शच्या. ब, ड, ग हे ध्वनी क्वेन्यात सुटे येऊच देत नाहीत, जोडाक्षरातच येतात. इतकी ती गाळून घेतलेली. आणि दुष्टांसाठी वेगळी काळी भाषा. तिच्यात अंगठीला शब्द आहे 'नाझ्ग'. पुढे एका पत्रात त्यांनी कबूल केलंय, की आयरिशमध्ये 'नास्क' असा जवळच्याच अर्थाचा शब्द आहे, तो नकळत मनात राहिला असावा. आणि आयरिशचा नाद त्यांना फारसा आवडत नसे. टोल्किन यांचा कान आमच्यापेक्षा शंभरपट तयार होता, यात वाद नाही. पण आवडलेल्या भाषा देवदूतांसारख्यांना आणि नावडतीचा तुकडा राक्षसांना, अशी वाटणी झाली खरी. त्या तुलनेत ओक्रँड यांचं काम आम्हाला अधिक निर्मळ वाटतं. त्यांनी क्लिंगॉनला पूर्ण व्याकरण दिलं, कर्म आधी आणि कर्ता शेवटी असा वाक्याचा क्रम दिला. केवळ गुरगुरणं दिलं नाही.

मग ध्वनीला अजिबात स्वभाव नाही का? असं म्हणायलाही आम्ही धजत नाही. वोल्फगांग क्योलर याने 1929 साली दोन आकृत्या दाखवल्या, एक टोकदार, एक गोलसर, आणि 'ताकेते' व 'बालुबा' अशी दोन निरर्थक नावं. ताकेते कोणती विचारलं की लोक टोकदार आकृतीकडे बोट दाखवतात. रामचंद्रन आणि हबर्ड यांनी 2001 मध्ये 'बूबा' आणि 'किकी' घेऊन तेच दाखवलं. तेव्हा ध्वनी आणि आकार यांचं काही नातं असावं. पण आकृती गोल आहे इथपासून माणूस मवाळ आहे इथपर्यंत जी उडी आहे, ती कानाची नव्हे. ती आपली.

ही उडी आपल्याकडे किती जुनी आहे, ते सांगतो. गुणाढ्याची कथा तुम्हाला ठाऊक असेल. प्रतिष्ठानच्या, म्हणजे आपल्या पैठणच्या, सातवाहन राजाचा हा मंत्री. पैजेत हरला म्हणून संस्कृत, प्राकृत आणि देशी तिन्ही भाषा सोडल्या, आणि विंध्याच्या रानात पैशाची भाषेत सात लक्ष श्लोकांची बृहत्कथा स्वतःच्या रक्ताने लिहिली. राजाने ती झिडकारली. का? कथा वाईट म्हणून नव्हे. भाषा पिशाचांची म्हणून. मग गुणाढ्याने रानात अग्नी पेटवला, एकेक पान वाचायचं आणि जाळायचं. भोवती हरणं, डुकरं चरणं सोडून ऐकत उभी राहिली. एक लक्ष श्लोक उरले, ते राजाला उशिरा शहाणपण सुचल्यामुळे. 'कथासरित्सागरा'त हे सगळं आहे.

आता या पिशाचांच्या भाषेचं ध्वनीतलं एक लक्षण हेमचंद्राने बाराव्या शतकात नोंदवलंय. पैशाचीत ण चा न होतो.

सभागृहात एकदम शांतता झाली. म्हणजे आम्हाला काय म्हणायचंय ते पोहोचलं.

पाणी आणि पानी. लोणी आणि लोनी. मराठीच्या कितीतरी बोलींत ण नाही, न आहे. त्याने कुणाचं पाणी कमी ओलं झालं नाही. इथे गणित कसं उलटलंय पाहा. हॉलिवूडला जीभ वळवणं रानटी वाटलं. मम्मटाला ट-ड उग्र वाटला, ण चालला. आणि पुण्यात, मुंबईत, आम्हा शिकलेल्या लोकांना जीभ न वळवणं अडाणीपणाचं वाटतं. जिभेच्या एकाच वळणाला तीन न्यायालयांत तीन निकाल, आणि प्रत्येक न्यायाधीशाची खात्री की आपण फक्त कानाने ऐकतोय.

पस्तीसेक वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात तत्त्वज्ञानाच्या अध्यापकाची निवड होती. समितीत तिघे, त्यात आम्ही. एक तरुण उमेदवार न्यायदर्शनावर बोलला. समवायी आणि असमवायी कारण यातला भेद त्याने मडक्याचा नेहमीचा दाखला न देता, घोंगडी विणण्याचा दाखला देऊन सांगितला. त्याच्या घरी ते काम होतं. लोकर, विणीतला धाग्याधाग्यांचा संयोग, विणणारा. आम्ही स्वतः वीस वर्षं शिकवूनही तो इतका स्वच्छ सांगितला नव्हता. पण तो 'कारण' ला 'कारन' म्हणत होता आणि 'प्रमाण' ला 'प्रमान'. तो बाहेर गेल्यावर एक सदस्य म्हणाले, विषयाची जाण बरी आहे, पण वर्गात मुलं हसतील. दुसऱ्या उमेदवाराची निवड झाली. तेही वाईट नव्हते.

अमेरिकेत 1990 च्या दशकात एका बापाने आपल्या तान्ह्या मुलाशी पहिली काही वर्षं फक्त क्लिंगॉनमध्ये बोलायचा प्रयोग केला. आई इंग्रजीत बोलायची. मूल पुढे इंग्रजीच धरून राहिलं आणि प्रयोग संपला. त्यात नवल नाही, घरातल्या साध्या वस्तूंना त्या भाषेत शब्दही पुरेसे नव्हते. पण आम्हाला त्या सुरुवातीच्या महिन्यांचं कुतूहल आहे. त्या मुलाने कपाळावर वळ्या असलेला कुणी पाहिलेला नव्हता. ख़, क़, ड म्हणणारा त्याच्यापुढे एकच माणूस होता, आणि तो त्याला झोपवत होता.

त्या उमेदवाराच्या कागदावर शेरा होता, 'उच्चार अशुद्ध'. अक्षर आमचं नव्हतं. खाली सह्या तीन होत्या, त्यातली मधली आमची.

चला, आता प्रश्न घेऊ. मागच्या खेपेला ज्यांनी विचारलं होतं, ते आलेत का?